तोख्तासिनचा छळ

पाळक नूरुल्ला आकांच्या घरी दर रविवारी दारं-खिडक्या लावून ख्रिस्ती उपासना व्हायची आणि शेवटी श्रद्धेपायी सोसलेल्या छळाच्या साक्षी. आका पंधरा दिवस कोठडीत राहून आलेले. टरबूजवाल्या हमीदचे दोन दात चौकीत पडलेले. साक्ष देण्यापेक्षा फट दाखवण्यातच त्याचा जास्त वेळ जायचा. तोख्तासिन मेकॅनिककडे मात्र सांगण्यासारखं काहीच नव्हतं. बाप्तिस्मा होऊन चार वर्षं झाली, पण ख्रिस्तासाठी त्याला साधी थप्पडही मिळाली नव्हती. आता आका सहायक पाळक निवडणार होते. बिनछळाच्या माणसाला कोण विचारतो?

शेवटी एका दुपारी तो बायबलचा नवा करार काखेत मारून स्वतःच चौकीत गेला.

तिथला फौजदार इर्गाश त्याचा वर्गमित्र. "हे पुस्तक बेकायदा आहे," तोख्तासिन म्हणाला. "धर मला."

"तुला धरलं तर माझी गाडी कोण दुरुस्त करणार? चहा घे."

"चहा नको. निदान शिवी तरी दे."

"गाढवा," इर्गाशने मित्राचं मन राखलं. "पण ही शाळेपासूनची आहे, छळात धरू नकोस. घरी जा."

तो तोंड पाडून निघाला. कालव्याच्या पुलावर बायको भेटली, मुखब्बत. डोक्यावर भाजलेल्या नानची पाटी, अंगावर घामाच्या धारा.

"इतक्या लांब कुठे गेली होतीस? गल्लीत तंदूर आहे की."

"पलीकडच्या गावात, मावशीकडे भाजते. बाप्तिस्म्यापासून गल्लीतल्या बायका मला तंदुरापाशी फिरकू देत नाहीत. पहिल्या दिवशी कणीक राखेत फेकली."

"चार वर्षं? आणि मला बोलली नाहीस?"

"नान गार का, एवढंच तुम्ही रोज विचारायचात. कुठून आला, ते कधी विचारलंत?"

तोख्तासिनला लाज वाटली. पूल उतरेपर्यंत टिकली.

रविवारी तो उभा राहिला. "बंधूंनो, चार वर्षं माझ्यावर तंदूर बंद आहे. माझी कणीक राखेत फेकली..." आकांनी डोळे पुसले, हमीदने तोंड मिटलं आणि तोख्तासिन सहायक पाळक झाला. मुखब्बत मागे बसली होती. प्रभुभोजनाला मोडलेला नान तिनेच भाजला होता.

सोमवारी सकाळी तिने कणकेची जड परात आणून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"हे काय?"

"काल सगळ्यांसमोर हा छळ तुमचाच म्हणालात ना? मग न्या आता मावशीकडे."

गल्लीतून जाताना तंदुरापाशी बसलेल्या बायका त्याला बघून पोट धरधरून हसल्या. पूल अजून बराच लांब होता.