थोरल्याला वर न्यायचं होतं

धाकट्याचा धंदा घरसामान हलवण्याचा. लोकांची कपाटं, फ्रिज, पलंग एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेऊन लावायचे. हाताखालची माणसं त्याला शेठ म्हणत, आणि शेठपणाची त्याच्याकडे एकच खूण होती, ती म्हणजे पोट. ‘आमच्या हातून कधी ओरखडा उमटत नाही,’ हे तो इतक्या जणांना ऐकवायचा, की निदान झोपेत तरी नका बोलू, असं बायकोला एकदा सांगावं लागलं होतं.

त्यामुळे परदेशी गोदीत वेल्डर असलेला थोरला भाऊ काम करता करताच छातीत कळ येऊन गेला, तेव्हा त्याला आणायला कोण जाणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. नेण्याआणण्यातला जाणकार घरातच होता. वहिनींना तो म्हणाला, “तुम्ही अजिबात काळजी करू नका. अगदी व्यवस्थित पोहोचवतो.” बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की हा तर गिऱ्हाइकाला द्यायचा दिलासा. तो ओशाळला. पण त्याच्यापाशी दुसरा कुठला दिलासा तयार नव्हता.

तिकडे शवागारात गेल्यावर त्याने आपली अक्कल पाजळायला सुरुवात केली. पेटीभोवती फिरून ती बोटांनी ठोकून पाहिली. कड्या ओढून पाहिल्या. एका स्क्रूचा आटा गेलाय म्हणून तो बदलायला लावला. डोक्याकडे गादी कमी आहे, हे हातवारे करून सांगितलं. शवागाराचा माणूस सोशिक होता. त्याने गादी आणून घातली, आणि मग चादर बाजूला करून ओळख पटवायची खूण केली. धाकट्याने भावाच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तेवढं बघितलं, मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर बसला.

विमानात त्याला हे आठवून हसू फुटलं. पेटी कानाकोपऱ्यातून तपासली आणि भावाचं तोंड बघायचं राहिलं! शेजारची बाई चमकून बघायला लागली, तशी त्याने खिडकीकडे मान वळवली. खिडकीची झडप खाली ओढलेली होती. तरी तो बराच वेळ बाहेर बघत राहिला.

सकाळी गाडी इमारतीच्या दारात लागली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून आई जिना उतरली नव्हती. म्हणजे थोरल्याला वर न्यायचं होतं. धाकट्याने आपली चार माणसं आधीच बोलावून ठेवली होती. पुढच्यांनी उचललं, मागच्यांनी तोललं, आणि पहिल्याच वळणावर पेटी अडकली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा लावली. छे. वीतभर जागा कमी पडत होती.

दुसऱ्याचं सामान घ्यायचं असलं की धाकटा आधी स्वतः टेप घेऊन जिना मोजून यायचा. ‘बसेल हो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची मागाहून टिंगल करायचा. आणि ज्या जिन्यावर लहानाचा मोठा झाला, त्याला कधी टेप लावली नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण लाज वाटायलाही सवड मिळाली नाही, कारण सवयीने तोंड सुटलं होतं.

“उभा घ्या रे! खालून आधार द्या, उभा घ्या!”

माणसांचे हात जागच्या जागी थांबले. दारात जमलेले शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. वरच्या पायरीवर वहिनी उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. आता थोरल्याला बाहेर काढून आपणच त्या पेटीत आडवं व्हावं, असं धाकट्याला झालं. मग त्याला दिसलं, वहिनींचे खांदे हलताहेत. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “यांना उभं राहायचा भारी कंटाळा हो. आमच्या लग्नातसुद्धा दर दोन पाहुण्यांमागे खुर्ची शोधायचे.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “राहू द्या त्यांना खालीच. आईंना खाली आणा.”

धाकटा वर गेला, तर आई केस विंचरून पलंगाच्या कडेला बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“माप चुकलं, आई.”

“तुझं?” ती म्हणाली. “गावभर सांगत फिरतोस ते?”

माणसं खुर्ची आणतो म्हणाली. त्याने ऐकलं नाही, तिच्यापुढे पाठ करून बसला. आई हलकी होती, त्याला वाटलं होतं त्याहून फारच हलकी. तरी एक मजला उतरेपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला. कमी खात जा, असं तिने पाठीवरूनच बजावलं. तो कठड्याला टेकून दम घेत असताना तिने हळूच विचारलं, “कसा दिसतोय रे?”

थाप मारायला तोंड उघडलं, पण थाप काही सुचली नाही. “बघितला नाही मी. धीर झाला नाही. पेटीच बघत बसलो.”

आईचा हात त्याच्या छातीवर घट्ट झाला.

“बरं. मग आता मिळून बघू.”

खाली दाराशी खुर्ची मांडून आईला बसवलं आणि झाकण काढलं. थोरल्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. व्हिडिओ कॉलवर तो नेहमी टोपी घालून बसायचा, तिकडे थंडी फार म्हणायचा.

“टकला झाला होता?” आईने वहिनींना विचारलं. “आणि मला सांगितलं नाही?”

“मलापण नाही,” वहिनी म्हणाल्या.

आईने त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा, पुन्हा पुन्हा. धाकट्याने भावाचा चेहरा आता पुरता बघितला. कपाळ बघितलं, दोन दिवसांची खुंटं बघितली, आणि मग त्याला जो हुंदका आला, तो त्याच्या माणसांनी शेठच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती माणसं भल्या मनाने गाडीचे दोर गुंडाळायला निघून गेली.

संध्याकाळी सगळं उरकून मंडळी परतली. आई तोवर तळमजल्यावरच्या शेजारणीकडे बसून होती. तिला वर न्यायचं तर धाकट्याची कंबर धरलेली. शेवटी त्याच्या माणसांनीच खुर्ची उचलली. तो मागून, कमरेवर हात ठेवून, एकही सूचना न देता चढत राहिला.