फोटोतले दोन डोळे

रूपचंदभाईंच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. शहाद्यापासून लोक बैलगाड्या जुंपून आले होते आणि पाटावरच्या एका काळ्या-पांढऱ्या फोटोपुढे नारळ फोडत होते. फोटो कुठल्या देवाचा नव्हता. रूपचंदभाईंच्या आजारी मुलीच्या, रंजनाच्या, मानेतल्या गाठीचा होता!

गाठीचा तुकडा गावच्या डॉक्टर इंदरचंदांनी मुंबईला धाडला होता. साध्या सूक्ष्मदर्शकानं शंका फिटेना, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो पट मोठा करून पाहिला, तेव्हा रसग्रंथींचा कॅन्सर नक्की झाला. किरणांचा उपचार मुंबईतच होणार होता. घरच्यांना पटावं म्हणून रूपचंदभाईंनी फोटो मागून आणला आणि तिथंच घात झाला. रोगट पेशीत दोन मोठी काळी केंद्रकं होती, घुबडासारखी रोखून बघणारी. गावचा भगत भिलाबाबा, त्यानं ती पाहिली आणि अंगात आणलं.

"देखा, देखा! डाकीण शे हाई! ह्या डोया रूपलीना शेतस! पोर शिवबाहेर गई ते मरी जाई. रूपलीले गावमातून काढा!"

रूपलीबाई म्हणजे रंजनाला जन्मापासून न्हाऊमाखू घालणारी भिल्ल म्हातारी. बाबाच्या गंड्यादोऱ्याला ती मागे हसली होती, एवढाच तिचा गुन्हा. आता डाकिणीचा कोप उतरावा म्हणून नारळ फुटत होते, तरणी पोरं काठ्या घेऊन बसली होती, आणि मुंबईचं जाणं राहिलं होतं.

रंजनाची आई सरलाबाई दाराआड उभी होती. रूपलीबाई असं करणार नाही, हे तिचं मन सांगत होतं. पण डोळे तर दिसत होते! तापत्या दुधात दिसत, माठातल्या पाण्यात दिसत. झोपलेल्या लेकीकडे पाहायचीही तिला धास्ती वाटू लागली होती.

तेवढ्यात डॉक्टर गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी बाबाला हात जोडले.

"महाराज, मुंबईचा हा दुसरा फोटो. मला अडाण्याला काही उमजेना. तुम्हीच सांगा."

बाबा घुमला, फुंकला, थुंकला. "हाई तोंड. हाई जीभ. पोरनं रगत पी ऱ्हायनी. रूपलीच शे!"

"नक्की?"

"देवनी आन!"

"लोकहो," डॉक्टर वळून म्हणाले, "हा कांद्याच्या मुळाचा फोटो आहे. माझ्या मित्रानं त्याच यंत्रावर काढलेला."

ओट्यावर कुजबुज झाली. बाबा गडबडला, पण हटेना. "डाकीण कांदामा घुसनी!"

"मग उद्यापासून भाजीला फोडणी कशाची द्यायची?"

लोक हसले. डॉक्टरांनी पाटावरचा फोटो उचलून आडवा धरला. "आता काय दिसतं?"

"कैरीनी कोय," एक म्हातारा म्हणाला.

"बघा! ढगात हत्ती दिसतो म्हणून कोणी चारा टाकत नाही. घाबरलेल्या माणसाला ठिपक्यातही तोंड दिसतं, आणि त्या तोंडाला नाव द्यायला असला माणूस टपलेला असतो. रोग पेशीत आहे, म्हातारीत नाही. दिसलं की आधी तपासा. काठी उचलायच्या आधी तपासा!"

भिलाबाबा मागच्या दारानं सटकला. काठीवाली पोरं माना खाली घालून पांगली.

सरलाबाई तडक शेताच्या बांधावरच्या झोपडीपाशी गेली. दार आतून बंद होतं.

"रूपलीबाई, उघड वं. आम्ही मुंबईले जाई ऱ्हायनूत. तुन्हा हातबिगर पोर जेवत नही."

आतून आवाज आला, "बाई, तुलेबी मन्हाच डोया दिसनात ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. सरलाबाईनं खरं ते सांगितलं.

"हा, दिसनात. मन्ही भीतीना डोया व्हतात त्या."

कडी निघाली. रूपलीबाई बाहेर आली आणि मुंबईला निघालेल्या गाडीत चढून तिनं रंजनाचं डोकं मांडीवर घेतलं. रंजनानं हाक मारली, तेव्हा ती "हा माय" म्हणाली. पण आपले डोळे पोरीला दिसू नयेत म्हणून तिनं पदर पुढे ओढून घेतला होता, आणि मुंबईपर्यंत तो तिनं मागे सारला नाही.