सगुणच्या टाळूचं गाऱ्हाणं

सगुणच्या डोक्याचा इतिहास गोव्याच्या इतिहासाबरोबरच चालला होता. कोकणी की मराठी म्हणून गावात भाऊ भावाशी बोलेनासे झाले, तेव्हा त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकत होते. गोवा राज्य झालं त्या वर्षी टाळूवर रुपयाएवढं वेगळं राज्य उभं राहिलं. पुढच्या दोन वर्षांत कपाळ आणि टाळू एकमेकांना भेटले, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "घ्या, झाला विलीनीकरण!"

कारणं शोधायची काही बाकी ठेवली नव्हती हो. साखळी गावाकडच्या खाणीवर ट्रक चालवायचा, म्हणून आधी लाल धुळीवर खापर फोडलं. मग हेल्मेटवर, मग तिथल्या पाण्यावर. माक्याचं तेल चोपडून उशा काळ्या केल्या. शेवटी पाणी बदलायला म्हणून हा शहाणा नोकरी सोडून पेडण्याला घरी आला, तर उरलेलेही गेले.

आणि आता डिचोलीहून ज्योतीचं स्थळ आलं होतं. बालवाडीत शिकवायची. तिचा फोटो पाहिल्यापासून सगुणचं कशात लक्ष लागेना. त्याचाही फोटो तिकडे गेला होता, पण पाच वर्षांपूर्वीचा, कपाळावर झुलपं असलेला. रविवारी तिला पाहायला जायचं होतं. तिने हे डोकं बघून तोंड फिरवलं तर?

म्हणून सोमवारी तो देवळात गेला. कौलासाठी पंचक्रोशीतून माणसं येत. देवाला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगुणने रघुनाथ गुरवाच्या कानात आपलं दुखणं सांगितलं आणि विनवलं, "जरा हळू हां!"

पण गाऱ्हाणं कधी हळू घालतात? रघुनाथने चाळीस वर्षं कमावलेला आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या सगुणाक आयतवारी चेडू बघूक जावचा आसा. हेचे केस कोणाच्या वायटपणान गळले आसतीत, तर ते परत हाडून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ गरजलं.

सगुणला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. त्यात डावी पाकळी टपकन पडली. देवानेही हात वर केले! मान खाली घालून तो वळला, तर नुकत्याच आत आलेल्या एका माणसाने गुरवापुढे नारळ ठेवला. "डिचोलीचो बाबली. चेडवाक पेडण्याचा स्थळ इला हा. सगुण नाव. जमवचा काय?"

बापाशेजारी ज्योती उभी होती. तीच, फोटोतली. सगळं देऊळ सगुणकडे बघू लागलं. आता लपवायचं तरी काय आणि कुठे?

"मीच तो," सगुण म्हणाला. "फोटो जुनो. चुकी माझी. तुमी नको म्हणा, माका राग नाय."

ज्योतीने त्याचं डोकं नीट न्याहाळलं. मग ती वडिलांच्या डोक्याकडे वळली. तिथे तर केस नावालाही नव्हता.

"आता झील झाले तर तेंचा काय खरा नाय," ती म्हणाली. "दोनय बाजून केस गेलेच."

सगुणने नकळत टाळूवरून हात फिरवला. हा मेला अजून नकाराचीच वाट बघत होता, आणि ती मुलग्यांपर्यंत पोचली होती.