खोबरेलाचं तळ्यात-मळ्यात

परीक्षानळीतल्या पांढऱ्या गोळ्याला, काचेच्या कडेने, केसाएवढी पारदर्शक किनार सुटली. तपासनीस बाईंनी तापमापीकडे पाहिलं. तेवीस पूर्णांक आठ दशांश. वेळ, नऊ वाजून चाळीस मिनिटं. म्हणजे कालच्यापेक्षा पाच मिनिटं आधीच. खोबरेल आपल्या स्वभावाला जागत होतं. अर्जाला मात्र स्वभाव नावाची गोष्टच मान्य नव्हती.

अर्जावर दोनच चौकोन होते, घन आणि द्रव. वखारीलाही दोनच फाटकं होती. घन माल पहिल्याने बाहेर, द्रव माल दुसऱ्याने. बाई सकाळी साडेसातला नमुना काढत तेव्हा पत्र्याच्या चाळीसही डब्यांत खोबरेल दगडासारखं थिजलेलं असे. त्या 'घन'वर खूण करत. साहेब अकराला येत, चहा घेत, मग सही करत. तोवर गाडा उन्हात तापलेला. पहिल्या फाटकाचा पहारेकरी झाकण उघडून बोट बुडवी आणि ते सगळ्यांना दिसेल असं वर धरी.

"बाई, हे तर पातळ. दुसऱ्या फाटकाला न्या."

दुसऱ्या फाटकाला 'द्रव'चा अर्ज लागे. त्यावर सही व्हायला संध्याकाळ होई, आणि फाटक बंद झालेलं असे. सकाळी ते उघडे तेव्हा रात्रीच्या गारव्याने खोबरेल पुन्हा थिजून बसलेलं, की अर्ज जागच्या जागी रद्द! अकरा दिवस हे तळ्यात-मळ्यात चालू होतं.

दुसऱ्या कुणाचा माल असता तर बाईंनी अकरा दिवस शांतपणे नोंदी केल्या असत्या. पण माल त्यांच्या वहिनीचा होता. वहिनीच्या साबणाच्या कारखान्यात सात बायका रिकाम्या कढयांपुढे बसून होत्या. इस्पितळाचा साबण शनिवारपर्यंत तयार झाला नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार आणि कारखान्याला कुलूप लागणार, हे घरातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

बुधवारी जेवताना वहिनी म्हणाली, "वन्सं, बर्फ शून्याला वितळतो, मेण साठाला. तुमचं तोंड किती अंशांना उघडतं?"

भावाला एकाएकी ठसका लागला.

"वहिनी, नियमाप्रमाणे..."

"नियमाचंच बोलतेय मी. अर्जाच्या तळाशी ओळ आहे ना, 'तपासनिसाच्या जबाबदारीवर सोडावे' म्हणून? तुम्हीच सांगितलं होतंत."

ओळ होती. ती वापरली की कुठल्याही फाटकाला माल अडवता येत नसे. एकोणीस वर्षांत बाईंनी ती एकदाही वापरली नव्हती, आणि आता वापरायची ती सख्ख्या वहिनीसाठी? दुसऱ्या दिवशी अख्खी वखार म्हणाली असती, नणंद-भावजयीचं साटंलोटं. धुतल्या तांदळासारखं नाव, एवढीच काय ती बाईंची कमाई होती. बाईंनी ताटातलं अन्न नीट संपवलं आणि ताट उचललं.

गुरुवारी साहेबांना युक्ती सुचली. डबे बर्फात ठेवा, म्हणजे घनच राहतील. राहिलेही. पहारेकऱ्याने बोट टेकवलं, ते रुतेना. तो खूश झाला. मग गाड्याखाली पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे काय गळतंय?"

"बर्फाचं पाणी."

"पाणी द्रव आहे, बाई. त्याचा अर्ज कुठंय?"

शुक्रवारी सकाळी साहेब म्हणाले, मग तापवा आणि दुसऱ्या फाटकाने काढा. दुसऱ्या फाटकाचा पहारेकरी शेगडी पाहूनच किंचाळला. द्रव मालाच्या फाटकाशी विस्तव म्हणजे नोकरीवर पाणी! शेगडी विझली, डबे परत फिरले.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "असं करू. समिती नेमू. खोबरेल मुळात आहे तरी काय, ते एकदाचं ठरू दे."

"साहेब, मुळात ते दोन्हींपैकी काहीच नाही. ते तापमानावर अवलंबून आहे."

"बाई, तापमान आपल्या अखत्यारीत येत नाही."

"समितीचा अहवाल कधी येईल?"

"थंडीपर्यंत. तोवर माल आपोआप घट्ट राहायला लागेल." साहेब समाधानाने हसले. "बघा, निसर्गच प्रश्न सोडवतो. आपण फक्त घाई करायची नाही."

बाईंनी खिडकीतून पाहिलं. पहिल्या फाटकाशी, गाड्याच्या दांडीला टेकून, वहिनी उभी होती. टोमणा नाही, हातवारे नाहीत. अकरा दिवस तिच्या तोंडाला खळ नव्हता आणि आज ती नुसती डब्यांकडे बघत होती. बाईंना ते पाहवेना.

त्या अर्ज घेऊन निघाल्या. साहेबांनी मागून "बाई, समितीत तुमचंही नाव घालतो हं" असं सांगितलं, ते त्यांनी ऐकलं आणि तशाच पायऱ्या उतरल्या. फाटकाशी चार हमाल, दोन कारकून आणि रिकामटेकडे नेहमीचेच. बाई येताना दिसताच त्यांच्यात खसखस पिकली.

पहारेकऱ्याने बोट तयारच ठेवलं होतं. "बोला बाई. आज काय, घन की द्रव?"

वहिनीने मान वर केली. बाईंनी अर्ज गाड्यावर ठेवला, दोन्ही चौकोन कोरे सोडले, तळाच्या ओळीखाली सही केली आणि वखारीत एकोणीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"हा माझ्या वहिनीचा माल आहे. माझ्या जबाबदारीवर मी तो सोडतेय. फाटक उघडा."