डोळ्यातलं पंक्चर

डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पहिल्यांदा लखकन चमकलं, तेव्हा चाकवालीनं वळून पाहिलं. कुणीतरी आरशाचा कवडसा पाडून खोडी काढतंय असं तिला वाटलं. मागे नुसती भिंत होती आणि भिंतीवर टांगलेले टायर.

चाकवाली हे गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. नवरा गेल्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंद पडणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. हिनं मात्र पाना हातात घेतला तो घेतलाच. चष्मा लहानपणापासून बाटलीच्या बुडाएवढा जाड, पण फिरत्या चाकातलं केसाएवढं डुगडुगणंही तिच्या नजरेतून सुटत नसे.

चमकण्यापाठोपाठ डोळ्यापुढे काळे ठिपके आले, मग दोरे. तिनं चष्मा पुसला, डोळा धुतला. ठिपके तिथल्या तिथे. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, म्हणून तिनं कानाडोळा केला.

मग एका सकाळी चाक सरळ करताना उजव्या डोळ्यात धूळ गेली. तो मिटून ती डाव्यानं बघायला लागली, तर चाकाचा एक भाग नाहीच! नाकाच्या बाजूनं एक करडी सावली आत सरकलेली होती. मान हलवली तरी सावली जाईना. चाकवालीनं पाना खाली ठेवला आणि शटर ओढलं.

फोन करायला घरचं माणूस एकच होतं, नवऱ्याची मोठी बहीण. दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं. वन्सं टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या, बोटाला शाई लागली तरी तीनदा हात धुणाऱ्या. भावजयीची ग्रीसनं माखलेली नखं त्यांना कधी पाहवली नव्हती. पण फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "आहेस तिथेच थांब. आले."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि बराच वेळ आत डोकावून पाहिलं.

"डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो," त्या म्हणाल्या. "दिसतं ते त्याच्यामुळे. जाड चष्मेवाल्यांचा डोळा लांबट असतो, त्यामुळे पडदा ताणून विरतो. तुमच्या पडद्याला भोक पडलंय. त्यातून पाणी मागे शिरलं आणि पडदा भिंतीपासून सुटत चाललाय. चमकणं, ठिपके, सावली, सगळं त्याचंच."

"मग दुखलं कसं नाही?"

"पडद्याला दुखणं कळत नाही हो. म्हणून तर लोक उशिरा येतात."

"नंबर बदलून, थेंब घालून नाही का भागायचं?" वन्संनी विचारलं.

"नाही. ऑपरेशन, तेही उद्याच. बारीक बघायची मधली जागा अजून चिकटून आहे. ती सुटली तर पहिल्यासारखं दिसेलच असं सांगता येत नाही. आत वायूचा फुगा सोडू. फुगा वर जातो, म्हणून तुम्ही पालथं राहायचं. मग डोळ्याची मागची बाजू वर येते आणि फुगा पडदा दाबून धरतो. आठवडाभर तोंड जमिनीकडे. जेवताना, झोपताना, सारखं."

चाकवाली म्हणाली, "म्हणजे पंक्चरच. ठिगळ लावलं की चिकटेस्तोवर अंगठा काढायचा नाही."

"अगदी तसंच."

"हिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, बाई," वन्सं म्हणाल्या.

"या वेळी घडा पालथाच हवाय," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

ऑपरेशन पार पडलं. दुकानामागच्या खोलीत वन्संनी टेबलावर उशी रचली आणि तिच्यावर चाकवालीचं कपाळ टेकवलं. आता तिच्या वाट्याला फरशी आली आणि माणसांची पावलं. चपलांवरून माणूस ओळखायचं, चहा नळीनं ओढायचा. झोपेत कूस वळली की वन्संचा हात खांद्यावर पडलाच म्हणून समजा.

तिसऱ्या दिवशी मान गंजलेल्या बिजागरीसारखी झाली. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "एवढं काय ते! माझी मावशी डोळ्याचं ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी घर झाडत होती."

"मोतीबिंदूचं असेल ते," वन्सं म्हणाल्या. "त्यात डोळ्यातलं गढूळ भिंग बदलतात. हिचा पडदा सुटलाय. डोळा एक म्हणून दुखणीही एकच का?"

शेजारणीच्या चपला निघून गेल्या. चाकवालीला हसूही आलं आणि रडूही. एकदाच, एक मिनिटभर मान वर करावी, कोण बघतंय, असं फार वाटत होतं. तिनं दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा घट्ट धरल्या.

इतक्यात शटर वाजलं. टपाल वाटणारा होता, चाक बसलेलं, पिशवीत अर्ध्या गल्ल्यांची पत्रं. "दुकान बंद आहे," वन्संनी सांगितलं. तो बिचारा सायकल ढकलत निघाला.

"थांबवा त्याला," चाकवाली आतून ओरडली. "वन्सं, तुम्ही करा. मी सांगते."

"मी? या हातांनी?"

"हात धुता येतात. करा!"

मग आतून आवाज आणि बाहेर वन्सं. टायर सोडवताना दोन नखं तुटली. ट्यूब बादलीत धरली, बुडबुडे दिसले, तशा त्या पोरीसारख्या किंचाळल्या, "सापडलं गं, सापडलं!" चाकवालीची मान आपसूक वर येऊ लागली. तिनं ती रेटून पुन्हा उशीत दाबली. "पुसा, वाळवा. घासा. सोल्यूशन पातळ लावा. जरा सुकू द्या. आता ठिगळ. दाबा. सोडू नका हं!"

"तू मान सोडू नकोस, मी ट्यूब सोडत नाही!"

हवा टिकली. टपालवाला गेला, तसा दुसरा कुणी आला. आठवडा सरेपर्यंत वन्संच्या नखांत काळी रेघ कायमची बसली होती.

तपासणीत पडदा जागेवर चिकटलेला निघाला. वायू हळूहळू विरायला लागला. डोळ्यापुढे पाण्याच्या पातळीसारखी एक रेघ डुचमळायची, वरती स्वच्छ, खाली धूसर. दिवसागणिक ती रेघ खाली उतरत गेली. उंचावर वायू फुगून डोळा दाबतो, म्हणून फुगा पुरता जिरेपर्यंत विमान नको, उंच घाट नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शेवटी फुगा गेला. दिसायला लागलं, पण अगदी पूर्वीसारखं नाही. सरळ स्पोक मध्येच किंचित वाकडा दिसायचा. "हे थोडं राहीलही," डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं. उजव्या डोळ्याचा पडदाही एका जागी विरलेला होता. तिथे लेसरचे डाग देऊन तो आधीच पक्का करता येईल, असं त्या म्हणाल्या.

"कधी येऊ?"

"पुढच्या आठवड्यात चालेल."

"आज नाही का होणार?" चाकवाली खुर्चीवरून उठलीच नाही. त्याच दिवशी ते उरकून ती घरी गेली.

काम पुन्हा सुरू झालं. चाक तपासताना आता ती डाव्या डोळ्यावर विसंबत नाही. खडू चाकाच्या कडेजवळ धरून चाक फिरवते, जिथे खडू लागतो तिथे हात घालते. वेळ जास्त लागतो. कुणी कुरकुरलं तर सांगते, "घाई असेल तर पलीकडे दुसरं दुकान आहे."

वन्सं सोमवारी घरी जायच्या होत्या. सोमवारी सकाळी त्यांनी जुना एप्रन कमरेला बांधला आणि म्हणाल्या, "ही बादली किती दिवस धुतली नाहीस गं? असल्या पाण्यात बुडबुडे दिसायचे तरी कसे?"