पेज बंद

घाटकोपरच्या डोंगरावरची ती वस्ती आठवली की आजही मला मळमळतं. चौऱ्याऐंशी साली मी दवाखान्याची आरोग्यसेविका म्हणून तिथे घरोघर फिरायचे. पाण्याचा पाइप चक्क गटारातून गेलेला. लोकांनी त्याला भोकं पाडून रबरी नळ्या खोचलेल्या. पाणी आलं की पहिला हंडा काळा, दुसरा पिवळा, आणि तिसऱ्याला बायका ‘साफ आलं’ म्हणायच्या. शेजारीच पोरं हगायला बसलेली, तिथल्या माश्या उठून हंड्यावर. शी! पालिकेच्या साहेबांना सांगावं तर म्हणे, वस्ती अनधिकृत आहे, पाइप दुरुस्त करता येत नाही. पोरांना जुलाब मात्र अगदी रीतसर व्हायचे.

वनमालाचा नंदू चौदा महिन्यांचा. त्याला दोन दिवस जुलाब चालू होते. मी गेले तेव्हा तिची सासू पार्वती, कणकवलीकडची म्हातारी, त्याला चमच्याने तांदळाची पेज पाजत होती, मीठ घालून. माझं डोकंच फिरलं. मी नुकतीच ट्रेनिंग करून आलेली, पिशवीत रंगीत तक्ता. जुलाबाच्या पोराला खायला कसलं घालता, म्हणून मी म्हातारीला झापलं.

“बाई, पेज पोटात रवता,” ती म्हणाली.

म्हणे पोटात राहते! पेज बंद, असं मी ठणकावलं. मग वनमालाला साखर-मिठाचं पाणी शिकवलं. उकळून गार केलेलं पेलाभर पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. ती सातवी शिकलेली, तिने घडाघडा म्हणून दाखवलं. मला काय ऐट आली होती म्हणून सांगू!

माझ्याकडे बाकीच्या गल्ल्याही होत्या, त्यामुळे पुन्हा चौथ्या दिवशी गेले. नंदूचे डोळे खोल गेलेले. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नाही. उशाशी साखर-मिठाचा पेला, त्यात माशी.

पाणी उकळलं होतंस ना, मी विचारलं. वनमालाने मान खाली घातली. रेशनवर पंधरा दिवस रॉकेल आलं नव्हतं. रोज एकदाच स्टो पेटायचा आणि त्यावर घरादाराची पेज शिजायची. ती रटरट उकळलेली पेज पिऊन तिचा नवरा काशीराम हमालीला जात होता. पोराला मात्र गटारातलं पाणी कच्चंच, साखर घालून, दर तासाला. मीठ घातलेली पेज हेच त्याचं औषध होतं, आणि ती मी तोडली होती.

मी पोराला उचललं आणि डोंगर उतरून रिक्षा पकडली. वनमाला आणि म्हातारी माझ्यासोबत आल्या. पालिकेच्या रुग्णालयात सुईला शीर सापडेना. संध्याकाळी नंदू गेला.

त्या पाइपाची, त्या साहेबांची मला किळस होतीच. त्या व्हरांड्यात मला स्वतःचीच शिसारी आली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, माझ्याकडे बघतही नव्हती. वनमालाने येऊन माझा हात धरला. मी तिच्यावर रागावेन अशी तिला भीती वाटत होती.

“बाई, तुम्ही सांगितलं तसंच केलं,” ती म्हणाली. “आईंनी हातापाया पडून मागितलं, तरी मी पेजेचा थेंब त्याच्या तोंडात जाऊ दिला नाही.”