आधी घड्याळ बघायचं

जावाजावांचं पटत नाही म्हणतात, पण या दोघींचं पटायचं. निदान धाकटीला तसं वाटायचं, आणि थोरलीने तिला कधी वेगळं वाटू दिलं नाही. धाकटीच्या नवऱ्याने पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरलं, तेव्हा आपल्या ऑफिसातल्या साहेबांकडे शब्द टाकून थोरलीनेच तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. नेटवर्कच्या यंत्रांवर पडद्यावरून नजर ठेवायची, अलार्म आला की वाचायचा, तो खरा की फुकटची बोंब ते ठरवायचं, असं काम. थोरलीने तिला सगळं शिकवलं. लाल म्हणजे गंभीर, पिवळा म्हणजे किरकोळ. ताजा अलार्म यादीत वर, जुना तळाला. वर्षानुवर्षं कुणी न पुसलेले तळाला पडलेले असतात ते मुडदे, त्यांच्या नादी लागायचं नाही. धाकटी शब्दन् शब्द तारीख घालून वहीत उतरवून घ्यायची.

एकच गोष्ट थोरलीने हातची राखली. यंत्रातला घड्याळाचा सेल संपला असेल, तर यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं की त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे, कुठल्यातरी एक जानेवारीला जाऊन बसतं. मग आत्ता आलेला अलार्मही जुनी तारीख घेऊन तळाला, मुडद्यांत जाऊन पडतो. म्हणून यादीआधी यंत्राचं घड्याळ बघायचं. हे थोरलीला साहेबांसमोर शिव्या खाऊन कळलं होतं. शिव्या खाऊन मिळवलेलं फुकट का वाटावं, असं तिचं म्हणणं. कुणाला बोलून दाखवलं नाही एवढंच.

पुढे वरून हुकूम आला, दोन खुर्च्यांपैकी एक राहणार. साहेबांनी दोघींना एकाच पडद्यासमोर बसवलं.

"खालच्या खोलीत एका यंत्रात मी बिघाड करून आलोय. काय बिघडलंय ते यादी वाचून कागदावर लिहा. आधी धाकट्या बाई."

साहेबांनी यंत्र बंद केलं होतं, पंख्यांचा ट्रे काढून घेतला होता आणि परत चालू केलं होतं. घड्याळाचं त्यांच्या गावीही नव्हतं. थोरलीने मात्र पडद्याच्या कोपऱ्यातली जानेवारी पाहिली आणि पहिल्या श्वासाला ओळखलं.

धाकटीने यादी वरून खाली वाचली. वर दोन पिवळे, परवाचे. तळाला लाल ओळ, पंख्यांचा ट्रे नाही, तारीख ती नोकरीला लागायच्या कितीतरी आधीची. तिचं बोट तिथे थबकलं. सवयीने तिने थोरलीकडे बघितलं. थोरलीने 'सोड' अशी हलकेच मान हलवली, मुडद्यांवर रोज हलवायची तशी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. धाकटीने लाल ओळ सोडली आणि कागदावर पिवळ्यांपैकी एक उतरवला.

थोरलीने लिहिलं, 'पंखे'. वर घड्याळाची गोष्टही खुलासेवार सांगितली. साहेब खूश झाले, खुर्ची थोरलीकडे राहिली.

संध्याकाळी धाकटीने नवऱ्याला कूस बदलून दिली, त्याला काही सांगितलं नाही, आणि थोरलीच्या स्वयंपाकघरात आली. आता थोरल्यांच्याच चुलीवर दोन घास मिळणार होते, हे तिला न सांगता कळलं होतं. तिने थोरलीला ताट वाढलं आणि ओट्याशी उभी राहिली. हातात वही होती.

"ताई, घड्याळाचं तुम्ही मला कधी सांगितलं होतं का हो? वही दोनदा चाळली. सापडत नाही."

थोरलीने घास गिळला. खरं सांगायला ही एकच वेळ होती, आणि तिला ते कळतही होतं.

"सांगितलं होतं की. पहिल्याच आठवड्यात. तुझंच लक्ष नव्हतं."

धाकटीने वही परत उघडली. पहिल्या आठवड्याची चार पानं गच्च भरलेली होती.

"मग माझ्याच हातून लिहायचं राहिलं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "तुम्ही इतकं जीव तोडून शिकवलंत, आणि साहेबांपुढे मी तुमचं नाव घालवलं. माफ करा, ताई. आता तरी नीट सांगा, लिहून ठेवते."

"आता कशाला?" थोरली ताट पुढे सरकवत म्हणाली. "भाजी वाढ, आणि मग भांडी घे घासायला."